भाऊ म्हणतो, ‘शासनाने मला गुप्तपणे निवडले आहे’

प्रश्न : माझे माहेर बार्शी तालुक्यातील एका गावी असून लग्नानंतर मी पुण्यात राहते. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. सदाशिव पेठेत खोली घेऊन त्याने सहा वर्षे राज्यसेवेचा अभ्यास केला. गेल्या वेळी मुलाखतीपर्यंत पोहोचूनही थोड्या गुणांनी त्याचे नाव यादीत आले नाही. त्यानंतर काही महिने तो खचलेला होता, कोणाशी बोलत नसे, म्हणून ओळखीच्या डॉक्टरांनी त्याला उदासीनतेवरच्या गोळ्या सुरू केल्या. गेल्या पाच आठवड्यांपासून मात्र सगळे उलटे झाले आहे. यादीत नाव नसणे हाच आपल्या निवडीचा संकेत होता, उजनीच्या पाण्याचे नव्याने वाटप करण्याची जबाबदारी शासनाने आपल्यावर गुप्तपणे सोपवली आहे आणि मुख्यमंत्री आपल्या भाषणांतून आपल्याला सूचना देतात, असे तो सांगतो. रात्री दोन-तीन तास झोपतो, पहाटे उठून मंत्रालयाला पत्रे लिहितो, तरी थकत नाही. जेवणाकडे लक्ष नसते आणि वजनही उतरले आहे. ‘विशेष सल्लागार’ अशी कार्डे त्याने छापून घेतली आहेत आणि वडिलांना गळ घालून, मुदत ठेव मोडायला लावून, बैठकीसाठी म्हणून एका मंगल कार्यालयाला आगाऊ रक्कम दिली आहे. मी पुरावे दाखवून समजावू लागले, तेव्हा ‘हे कळण्याची तुझी पात्रता नाही’ असे म्हणून तो अंगावर ओरडला. वडिलांना त्याचे म्हणणे अर्धेमुर्धे खरेच वाटते. आत्या म्हणते, हा संचार आहे, देवऋष्याकडे न्या. मी त्याला खोटे पाडावे की हो ला हो म्हणावे? लहानपणापासून आम्ही त्याला ‘साहेब’ म्हणत आलो, त्यामुळे तर हे झाले नाही ना? आणि पुढच्या परीक्षेचे काय करायचे? — एक बहीण

उत्तर :

प्रिय ताई,

खोटे पाडू नका आणि होकारही देऊ नका. या दोहोंच्या मधून कसे जायचे ते पुढे सविस्तर लिहिते. पण त्याआधी तुमच्या पत्रातील दोन वाक्यांविषयी बोलायला हवे, कारण ती तुम्ही ओघात लिहून गेला आहात आणि मला मात्र सगळे पत्र त्यांच्याभोवतीच फिरताना दिसले.

पहिले वाक्य झोपेचे आहे. ज्याला झोप लागत नाही तो माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातो, डुलक्या घेतो, डोके धरून बसतो. तुमचा भाऊ दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, याचा अर्थ त्याला झोपेची गरजच वाटेनाशी झाली आहे. झोपेची गरज कमी होणे, बोलण्याचा आणि विचारांचा वेग वाढणे, पैसा सैल हाताने खर्च होणे, अडवले की भडका उडणे आणि स्वतःच्या थोरवीची अचाट खात्री वाटू लागणे, ही लक्षणे आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ एकत्र दिसली, तर मनोविकारतज्ज्ञ प्रथम उन्मादाचा, म्हणजेच मेनियाचा, विचार करतात. बायपोलर, अर्थात द्विध्रुवीय विकारात खचलेपणाचे आणि उन्मादाचे असे दोन्ही काळ येतात, आणि तुम्ही सांगितलेला क्रम त्याच दिशेचा आहे. केवळ पत्रावरून निदान करता येत नाही व मी ते करणार नाही. स्किझोफ्रेनिया, थायरॉइड ग्रंथीचा अतिरिक्त स्राव, स्टिरॉइड वर्गातील औषधे किंवा गांजासारखी नशा यांतूनही असे चित्र उभे राहू शकते, आणि ते तपासूनच ठरवावे लागते. मात्र जे काही आहे ते तपासण्याजोगे आहे आणि त्याला उशीर होऊ देऊ नये, एवढे पत्रावरूनही ठामपणे सांगता येते.

दुसरे वाक्य गोळ्यांचे आहे. उदासीनतेवरची औषधे अनेक रुग्णांना उपयोगी पडतात. परंतु ज्याच्या उदासीनतेमागे बायपोलर विकार दडलेला असतो, त्याला ही औषधे एकटीच दिली गेल्यास तो उन्मादाकडे ढकलला जाण्याची शक्यता असते. त्यात डॉक्टरांची हलगर्जी झाली असे मी म्हणत नाही, कारण पहिल्या उदासीनतेच्या वेळी हा फरक ओळखणे बहुधा अवघडच असते. तुम्ही एवढेच करा की ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांना आजच दूरध्वनी करून हा बदल कळवा, गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना गोळ्यांची पट्टी व जुनी चिठ्ठी बरोबर न्या. तुमच्या कुटुंबात पूर्वी कोणाला असा आजार झाला होता का, कोणी आत्महत्या केली होती का, कोणी ‘डोक्यात फरक पडला’ म्हणून घर सोडून गेले होते का, हेही वडिलांना आणि आत्यांना विचारून ठेवा. या गोष्टी आपल्याकडे घरातही दबक्या आवाजात बोलल्या जातात, पण डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. भ्रम म्हणजे चुकीची माहिती नव्हे. चुकीची माहिती असलेल्या माणसाला पुरावा दाखवला तर तो खजील होतो किंवा निदान घुटमळतो. भ्रमातील माणूस त्याच पुराव्याचा आपल्या बाजूने अर्थ लावतो. यादीत नाव नाही, ही तुमच्या दृष्टीने निवड न झाल्याची निर्विवाद खूण आहे, तर त्याच्या दृष्टीने तीच निवडीची खूण आहे. तुम्ही जितके कागद पुढे कराल तितके गुप्ततेचे नवे पदर त्याला सापडत जातील आणि अखेरीस तुम्हीही विरोधकांच्या यादीत जाऊन बसाल. मोठेपणाच्या भ्रमाला संशयाची किनार फार लवकर लागते, कारण ‘मी एवढा महत्त्वाचा आहे’ या वाक्याच्या मागोमाग ‘म्हणूनच लोक माझ्या वाईटावर आहेत’ हे वाक्य सहज येते.

याचे एक प्रसिद्ध आणि काहीसे लाजिरवाणे उदाहरण आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात इप्सिलँटी येथील मनोरुग्णालयात १९५९ साली मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने, स्वतःला येशू ख्रिस्त समजणाऱ्या तीन रुग्णांना एकाच ठिकाणी राहायला आणले. आपल्यासारखाच दावा करणारे आणखी दोघे रोज समोर दिसले म्हणजे प्रत्येकाचा भ्रम डळमळेल, असा त्याचा कयास होता. सुमारे दोन वर्षे हा प्रकार चालला. तिघेही आपापल्या जागी ठाम राहिले. दुसरे दोघे असे का म्हणतात याची मात्र प्रत्येकाने स्वतःपुरती उपपत्ती शोधून काढली. पुढे रोकीचने भ्रमाच्या आत शिरून त्यांना बनावट पत्रेही पाठवून पाहिली, म्हणजे एका अर्थी हो ला हो म्हणून पाहिले, आणि त्यानेही कोणी बरे झाले नाही. कित्येक वर्षांनी, लोकांच्या आयुष्यात असा हस्तक्षेप करण्याचा आपल्याला अधिकार नव्हता, असे त्याने स्वतःच लिहिले. तुमच्यापुढे असलेले दोन्ही पर्याय तिथे सगळी साधने हाताशी असताना वापरून झाले आहेत.

मग बोलायचे काय? त्याच्या म्हणण्याच्या खरेखोटेपणावर न बोलता, त्याला जे सोसावे लागत आहे त्यावर बोलायचे. ‘तू सांगितलेस ते मी ऐकले. मला ते तसे वाटत नाही, पण त्यावरून आपण भांडायचे नाही. पाच आठवडे तू धड झोपला नाहीस, तुझे वजन उतरले आहे, याची मला काळजी वाटते.’ असे दोन-चार वाक्यांत, शांत आवाजात आणि शक्यतो एकट्याने बोला. चारचौघांत बोललात तर त्याला आपली बाजू लढवावीच लागेल. तो विचारील, ‘तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही?’ तेव्हा खोटा होकार देऊ नका. ‘माझा तुझ्यावर जीव आहे, या बाबतीत माझे मत वेगळे आहे’ एवढे पुरे. त्याने बैठकीचा आराखडा काढून दाखवला, तर त्याची वाहवा करू नका आणि हसूही नका. विशेषतः हसू नका, कारण घरातल्या, भावकीतल्या आणि अभ्यासिकेतल्या लोकांच्या नजरांना सहा वर्षे तोंड दिलेल्या मुलाला, आपण कोणीतरी आहोत ही खात्री पहिल्यांदाच मिळाली आहे; ती खोटी आहे असे म्हणणे त्याला पुन्हा एकदा ‘तू नापास आहेस’ असे ऐकू येते. तो तुमच्या अंगावर ओरडला त्यामागे माज नव्हता, असे माझे मत आहे. माज असलेला माणूस पहाटे तीन वाजता मंत्रालयाला पत्रे लिहीत बसत नाही.

‘साहेब’ या हाकेबद्दलची टोचणी मनातून काढून टाका. तापात बरळणाऱ्या माणसाच्या तोंडी येणारे शब्द त्याच्याच आयुष्यातले असतात, पण ताप त्या शब्दांमुळे आलेला नसतो. तुमच्या घरातील हाकेने भ्रमाला विषय पुरवला असेल, आजार पुरवलेला नाही. विषय नेहमीच भोवतालातून येतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या मनोरुग्णालयांत स्वतःला सम्राट, सेनापती किंवा अगणित संपत्तीचे मालक समजणारे रुग्ण मोठ्या संख्येने असत, आणि त्यांच्यापैकी अनेकांना, ज्यात हळूहळू अंगही लुळे पडत जाते असा, एक विशिष्ट वेडेपणा झालेला असे. १९१३ साली नोगुची आणि मूर या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे, म्हणजेच सिफिलिसचे, जंतू दाखवून दिले. पुढे पेनिसिलिन आल्यावर हा प्रकार दुर्मीळ झाला. सम्राटपणाची ती भव्य कहाणी जंतूंनी पोखरलेल्या मेंदूतून निघत होती, कोणाच्या लाडातून किंवा अहंकारातून नव्हे. बार्शीच्या मुलाच्या भ्रमात उजनीचे पाणी आणि मंत्रालय यावे, यात मला तरी नवल वाटत नाही.

आत्यांच्या म्हणण्याला मी उडवून लावणार नाही, कारण त्यांचा प्रश्न खरा आहे : देव बोलतो असे म्हणणारा प्रत्येक माणूस आजारी असतो का? नसतो. पंढरीच्या वाटेवर ‘विठ्ठल माझ्याशी बोलला’ असे सांगणारा वारकरी भोवतालच्या हजारोंच्या श्रद्धेतूनच बोलत असतो, आणि वारी संपली की घरी येऊन पेरणीला लागतो. जत्रेतल्या संचाराला वेळ असते, जागा असते, तो ओसरतो आणि ओसरल्यावर माणूस पूर्वीसारखा वागू लागतो. तुमच्या भावाचे म्हणणे भोवतालच्यांच्या कोणत्याही श्रद्धेतून आलेले नाही, ते ओसरत नाही आणि त्यापायी त्याचे खाणे, झोपणे, पैसा, नाती सगळे विस्कटत चालले आहे. आत्यांना हा फरक सांगा. कुलदैवताला नारळ फोडायचा असेल तर त्यांनी अवश्य फोडावा, त्याने काही बिघडत नाही. परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे किंवा मिरचीची धुरी देणे असे काही होऊ देऊ नका. अशा अघोरी प्रकारांना महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये शिक्षा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आधीच न झोपलेल्या, न जेवलेल्या उन्मादी शरीराला तो मार जिवावर बेतू शकतो.

वडिलांची मला अधिक काळजी वाटते. मुलाच्या खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे त्यांनी सहा वर्षे पाठवले, पारावर बसून ‘यंदा होईल’ असे सांगितले, आणि आता मुलगाच येऊन सांगतो की झाले आहे, फक्त जाहीर करता येत नाही. कोणत्या बापाला हे अर्धेमुर्धे खरे वाटणार नाही? त्यांना मूर्खात काढू नका. मात्र दोन गोष्टी त्यांच्याकडून कबूल करून घ्या : गावात याविषयी बोलायचे नाही, आणि मुलाच्या सांगण्यावरून कोणत्याही कागदावर सही करायची नाही, मग तो कर्जाचा असो, खरेदीखताचा असो की मुखत्यारपत्राचा. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर जमीन त्यांच्या सहीवाचून जाणार नाही. धोका आहे तो त्यांच्या सहीचाच. भावाच्या मोबाइलवरून तत्काळ कर्ज देणाऱ्या ॲपांवरही लक्ष ठेवा. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला समक्ष भेटून आजारपणाची कल्पना द्या आणि पावती जपून ठेवा. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करार करतेवेळी तो समजून घेण्याची आणि त्याच्या परिणामांचा सारासार विचार करण्याची क्षमता नसलेल्या व्यक्तीने केलेला करार वैध ठरत नाही; गोष्ट तिथवर गेलीच, तर डॉक्टरांच्या नोंदी घेऊन वकिलाला भेटा. कार्डांचे प्रकरणही हलके समजू नका. शासकीय पदावर असल्याची बतावणी करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे ती कार्डे बाहेर वाटली जाण्याआधी उपचार सुरू होणे त्याच्याही हिताचे आहे.

त्याला डॉक्टरांकडे कसे न्यायचे, हा सगळ्यात कठीण भाग. ‘सचिवांनी बैठकीला बोलावले आहे’ असे सांगून रुग्णालयात नेण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मानू नका. रुग्णालयाच्या दारात पोहोचताच त्याला फसवणूक कळेल, आपल्याविरुद्ध कट आहे याचा पुरावाही मिळेल, आणि पुढची कित्येक वर्षे औषध घ्यायची वेळ येईल तेव्हा तुमच्या शब्दाला किंमत उरणार नाही. चहात किंवा आमटीत गोळी कालवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, तीही टाळा : मात्रा कळत नाही, दुष्परिणाम झाले तर रुग्णाला कारण सांगता येत नाही, आणि उन्मादावर वापरले जाणारे लिथियमसारखे औषध तर रक्तातील पातळी मोजूनच द्यावे लागते. त्याऐवजी झोपेचे निमित्त धरा, कारण ते निमित्त खरे आहे. ‘एवढे मोठे काम करायचे म्हणतोस, तर आधी तब्येत दाखवून घेऊ’ असेही म्हणू नका, तो होकारच झाला. ‘झोपेसाठी दाखवून घेऊ, मी सोबत येते’ इतकेच म्हणा. तो ज्याचे ऐकतो असा अभ्यासिकेतला एखादा मित्र असेल, तर त्याला गावी बोलावून घ्या. बहिणीपेक्षा मित्राचे ऐकणे अशा वेळी अनेकांना सोपे जाते.

सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पुण्यात ससूनमध्ये किंवा जवळच्या खासगी मनोविकारतज्ज्ञांकडे तुम्ही जाऊ शकता. राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, पण पहिली भेट तिथेच व्हावी असे काही नाही. तो येण्यास तयार नसेल, तर आधी तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरांशी बोला. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर, रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

तो कशालाच तयार झाला नाही आणि परिस्थिती हाताबाहेर गेली, तर कायद्यात तरतूद आहे; परंतु तिची मर्यादाही ठाऊक असू द्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार केवळ विचित्र समजूत आहे म्हणून कोणालाही इच्छेविरुद्ध दाखल करता येत नाही. अलीकडे त्याने स्वतःला इजा करण्याची धमकी दिली असेल किंवा तसा प्रयत्न केला असेल, इतरांवर हात उगारला असेल, किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला इतके अशक्य झाले असेल की जिवाला धोका आहे, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यानंतर, जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क रुग्णाला असतो. त्याने असा प्रतिनिधी नेमलेला नसेल, तर नातेवाईक ही भूमिका बजावू शकतात. आपल्याला काही होऊच शकत नाही, असे तो बोलू लागला, धरणाच्या पाण्यात उतरण्याची किंवा महामार्गावर गाड्या अडवण्याची भाषा करू लागला, तर वाट पाहू नका, ११२ वर फोन करा आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. अशा वेळी पोलिसांना ‘हा आजारी आहे, उपचारांसाठी न्यायचे आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

उपचारांविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते तुमचे डॉक्टर ठरवतील. उन्माद शमवण्यासाठी मनोविकारविरोधी औषधे आणि लिथियम किंवा त्यासारखी मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे वापरतात. लिथियमचा हा उपयोग जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली जगापुढे मांडला आणि आजही ते आघाडीचे औषध आहे. ते चालू असताना रक्तातील पातळी, मूत्रपिंडे आणि थायरॉइड यांच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराव्या लागतात, उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचे नसते आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आपल्या मनाने घ्यायची नसतात. झोप प्रथम परत येते; भ्रम त्यानंतर हळूहळू सैल होतो, एका दिवसात गळून पडत नाही. मधल्या काळात ‘आता तरी पटले का?’ असे विचारू नका.

आणि ज्या वेळी घरातील सगळ्यांना हायसे वाटेल, त्याच वेळी तुम्ही अधिक जवळ राहा. उन्माद ओसरल्यावर माणसाला आपण काय काय बोललो, कोणाला पत्रे लिहिली, वडिलांचे किती पैसे घालवले, यातले बरेचसे आठवते. शासनाने निवडलेला सल्लागार एका महिन्यात पुन्हा यादीत नाव नसलेला मुलगा होतो आणि शिवाय गावभर झालेली चर्चा त्याच्या वाट्याला येते. उन्मादापाठोपाठ येणाऱ्या उदासीनतेत आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून त्या काळात त्याला एकटे ठेवू नका, ‘जगण्यात काही अर्थ नाही’ असे काही बोलला तर थेट आणि स्पष्ट शब्दांत विचारा, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि शेतातील कीटकनाशके कुलपात ठेवा. पैशांचा हिशोब वडिलांनी त्याच्यासमोर मांडू नये.

परीक्षेविषयी आत्ता काहीही ठरवू नका आणि त्याच्याशी त्यावर चर्चाही करू नका. रात्ररात्र जागून केलेला अभ्यास या आजाराला पुन्हा ओढून आणू शकतो, त्यामुळे पुढे परीक्षा द्यायचीच झाली, तर झोपेची वेळ न मोडता ती देता येईल का, हे त्याने आपल्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवावे. उपचार नियमित घेऊन शिक्षण आणि नोकरी करणारे पुष्कळ रुग्ण आहेत. यंदाची अर्ज भरण्याची मुदत निघून गेली तर जाऊ द्या. वयोमर्यादेत आणखी किती वर्षे उरली आहेत, हे तो बरा झाल्यावर तुमच्याहून चांगले सांगू शकेल.